बहिणीच्या हाती त्रिशूळ

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत कोणी थोर स्त्रियांची चरित्रे लिहील, कोणी पाककृती देईल. मी मात्र मुलांच्या पडद्यावरच्या खेळांविषयी लिहिणार आहे. सातवी शिकलेल्या बाईला हा विषय का सुचला, त्याला कारण घडले.

आपल्या खोडदच्या दुर्बिणीजवळ भरणारे विज्ञान प्रदर्शन पाहायला माझी भाची पुण्याहून आली होती. संध्याकाळी तिने संगणकावर खेळ लावला. माझी धाकटी मुलगी पुढे सरकली, तोच तिचा भाऊ म्हणाला, "हे पोरींचं काम नाही." मीही सवयीने म्हणाले, "दे गं त्याला." तेव्हा भाचीने मला या खेळांचा इतिहास सांगितला.

१९८१ साली जपानात 'डाँकी काँग' खेळ निघाला. त्यात माकड एका बाईला पळवते आणि पुरुष तिला सोडवतो. तिने फक्त हाका मारायच्या. १९८६ च्या 'मेट्रॉइड'मध्ये लढणारी सॅमस ही बाईच, परंतु चिलखतात झाकलेली. खेळ झटपट पुरा करणाऱ्यालाच शेवटी ते कळे. १९९६ साली विलायतेत 'टूम रेडर' आला. त्यातली लारा क्रॉफ्ट उघड उघड नायिका, मोठी धाडसी. पण तिच्या धाडसापेक्षा रूपाचाच गाजावाजा अधिक झाला.

पुढे २०२० साली आपल्या पुण्यातल्याच 'नॉडिंग हेड्स गेम्स' या कंपनीने 'राजी' हा खेळ काढला. कंपनीच्या संस्थापकांत श्रुती घोष आहेत. खेळातल्या चित्रांची बाजू त्यांनी सांभाळली. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राखीपौर्णिमेला राक्षस तिच्या भावाला, गोलूला, पळवतात. दुर्गादेवीच्या कृपेने त्रिशूळ घेऊन ती त्याला सोडवायला निघते.

भावाने रक्षण करावे म्हणून राखी बांधायची, हेच मी लहानपणापासून ऐकले. येथे बहीणच रक्षणाला धावते! तसे पाहिले तर यात नवल कसले? महिषासुर देवांना आवरेना, तेव्हा दुर्गाच उभी राहिली. ही कथा दर नवरात्रात ऐकूनही मी मुलीला मागे सारले, याची मला लाज वाटली.

"आता तिची पाळी," मी मुलाला म्हटले. तो फुरंगटला, पण थोड्या वेळाने "उजवीकडे उडी मार" असे तिला सांगू लागला.

भगिनींनो, घरात मोबाईल एकच असेल तर तो मुलगा-मुलगी दोघांच्या हाती सारखाच जावा, एवढीच माझी विनंती.