हबशांचे कुरळ केश : इतिहासांतील एक मौन

आमच्या धामणगाव बढे गांवाप्रमाणेंच मोताळा तालुक्यांत असलेलें रोहिणखेड इतिहासप्रसिद्ध आहे. इ. स. १४३७ त बहामनी सेनापति खलफ हसन बसरी यानें खानदेशच्या नासिरखान फारुकीचा तेथें पराभव केला. या मोहिमेवर आपल्याबरोबर दक्षिणी व हबशी सैन्य नको, अशी त्यानें मागणी केली होती, असें फेरिस्ता लिहितो. म्हणजे या लढाईच्या वृत्तांतांत हबशांचें नांव येतें, तें नकाराच्या रूपानें.

पुढें याच हबशांपैकीं मलिक अंबर (मृत्यु १६२६) निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. जंजिऱ्याच्या सिद्दींचें राज्य तर १९४८ पर्यंत टिकलें. त्यांच्या लढाया लिहिल्या गेल्या, मलिकंबरी धाऱ्याची चर्चा झाली. परंतु आफ्रिकेंतून आलेल्या या लोकांनीं आपले केस कसे राखले, हें कोणीं टिपून ठेवल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. मलिक अंबराचीं चित्रें उपलब्ध आहेत. पण त्यांत मस्तकावर पगडी आहे.

विषय क्षुद्र वाटेल. परंतु संस्कृत वाङ्मयास तो क्षुद्र वाटला नाहीं. अमरकोशांत ‘अलक’ व ‘चूर्णकुंतल’ हे पर्याय दिले असून सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत शिरोभ्यंग व केस विंचरणें यांचे गुण सांगितले आहेत. मात्र येथें दोन सावधगिरीच्या सूचना अवश्य आहेत. अजिंठ्याच्या बुद्धमूर्तींच्या मस्तकावरील दक्षिणावर्त कुरळे हें महापुरुषलक्षण होय. त्यावरून वंशाचें अनुमान काढूं नये. तसेंच कवींनीं वर्णिलेली कपाळावरील बट निराळी आणि हबशी केसाचा घट्ट वेढा निराळा.

हा केस आडव्या छेदांत चपटा असतो व स्प्रिंगेप्रमाणें वळत जातो. त्यामुळें टाळूवरील स्निग्धांश टोंकापर्यंत सहज पोंचत नाहीं. केस कोरडा राहतो आणि प्रत्येक वळणाशीं तुटण्याचा संभव असतो. सरळ केसांस योग्य अशी बारीक फणी कोरडी फिरविली असतां येथें उलट परिणाम होतो : वेढे सुटतात, केस फुलतो व तुटतो. तो ओला करून, तेल लावून, प्रथम बोटांनीं व मग रुंद दात्यांच्या कंगव्यानें टोंकाकडून मुळाकडे सोडवीत जावें. नंतर सैल पेड घालावे. पेड फार ताणल्यास कपाळाजवळचे केस गळूं लागतात. अभ्यंगाचें तत्त्व तेंच, कृति मात्र वेगळी.

हें मला फार उशिरा समजलें. शिक्षकी करीत असतां अशा घट्ट कुरळ्या केसांच्या एका मुलीस ‘केस विंचरून येत जा’ म्हणून मीं वर्गांत उभें केलें होतें. ती खालीं मान घालून म्हणाली, ‘गुरुजी, रोज विंचरतें.’ तें खोटें मानून मीं तिला आणखी रागें भरलों. ती खरेंच बोलत होती. रोजच्या कोरड्या विंचरण्यानेंच तिचे केस तसे उभे राहत होते. अमरकोश मुखोद्गत असलेल्या मास्तरास एवढें ठाऊक नव्हतें. आपल्याहून निराळें तें अव्यवस्थित, असें मानण्याची खोड इतिहासलेखकासही असते.

सुदैवानें हें मौन अद्यापि भंगूं शकेल. उत्तर कन्नड जिल्ह्यांत हल्याळ, यल्लापूर या भागांत सिद्दी लोक आजही राहतात. त्यांस २००३ मध्यें अनुसूचित जमातींत स्थान मिळालें. संशोधकांनीं तेथें व जंजिऱ्याच्या परिसरांत जावें, तेव्हां सनदा व शिलालेख यांबरोबरच घरांतील वृद्ध स्त्रियांस कंगवे, तेलें व वेण्यांचीं नांवें आदरपूर्वक विचारावीं. जें कागदावर आलें नाहीं, तें कदाचित् आजीच्या बोटांत शिल्लक असेल.