तीस वर्षांचें गहाण

सन १९८१ च्या सुमारास वॉशिंग्टन येथील फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या कचेरींत टपालानें एक विलक्षण वस्तु येऊं लागली. अमेरिकेंत बहुतेक घरांचा सांगाडा लाकडी असतो. त्यासाठीं लागणाऱ्या दोन इंच जाड व चार इंच रुंद फळीचे ते कापलेले तुकडे होते. कित्येकांवर लाकडावरच तिकिटें चिकटविलेलीं असत आणि व्याजाचे दर उतरवा, अशा अर्थाचा मजकूर लिहिलेला असे. पाठविणारे लोक घरें बांधणारे कंत्राटदार होते. घरें घेण्यास गिऱ्हाईक उरलें नव्हतें, म्हणून त्यांच्या वखारींतील लाकूड त्यांनीं असें वाटेस लावलें. वस्तुतः मध्यवर्ती बँक कोणाहि गृहस्थास घरासाठीं कर्ज देत नाहीं. तरी या लोकांनीं आपला संताप तिच्यावरच कां काढावा, हें समजण्यास पन्नास वर्षें मागें जावें लागतें.

तत्पूर्वीं मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांनीं एक भेद ध्यानांत घ्यावा. भारतांत घरकर्जाचें व्याज आज बहुधा बदलतें असतें. रिझर्व्ह बँकेनें आपला दर हलविला कीं ऋणकोचा हप्ता तरी बदलतो, नाहीं तर मुदत तरी लांबते. अमेरिकेंतील रूढ रीत याच्या उलट आहे. गहाणखतावर सही झाली त्या दिवशींचा दर तीस वर्षें कायम राहतो. मध्यंतरीं जगांत कांहींहि उलथापालथ होवो, मुद्दल व व्याज यांच्या हप्त्याचा आंकडा एका सेंटानेंहि हालत नाहीं.

ही रीत फार जुनी नव्हे. १९२९ च्या मंदीपूर्वीं तेथील घरांवरील कर्जें बहुधा थोड्या वर्षांच्या बोलीचीं असत. घराच्या किंमतीच्या सुमारें निम्मी रक्कम मिळे. मुदतभर बहुधा नुसतें व्याज भरावयाचें आणि शेवटीं मुद्दल एकरकमी द्यावयाचें, किंवा कागद नवा करून घ्यावयाचा. मंदी आली, बँका बुडाल्या, आणि कागद नवा करून देण्यास कोणी पुढें येईना. १९३३ च्या आरंभीं रोज सुमारें हजार घरें जप्त होत होतीं. त्या वर्षीं रूझवेल्ट यांच्या सरकारनें ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ ही संस्था काढून सुमारें दहा लाख बुडतीं गहाणें आपल्याकडे घेतलीं व पंधरा वर्षांच्या सारख्या हप्त्यांनीं तीं फेडण्याची सोय करून दिली. पुढल्याच वर्षीं गहाणकर्जास सरकारी विमा मिळूं लागला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मुदत तीस वर्षांवर जाऊन पोहोंचली. सामान्य माणसाच्या डोक्यावर छप्पर यावें यासाठीं योजलेल्या उपायांत इतका यशस्वी उपाय क्वचितच आढळेल.

मात्र या सोयीची जोखीम कोणी तरी उचलावयास हवी होती. ती मुख्यतः ‘सेव्हिंग्ज अँड लोन’ नांवाच्या संस्थांनीं उचलली. गांवांतील शिक्षक, कारकून, वृद्ध यांच्या बचतीच्या ठेवी घ्यावयाच्या आणि त्याच गांवांतील नव्या संसारांना घरासाठीं कर्ज द्यावयाचें, हा त्यांचा धंदा. ठेवीदार आपली ठेव वाटेल तेव्हां काढून नेऊं शके; कर्ज मात्र तीस वर्षांनीं फिटावयाचें. ठेवीदारास शेंकडा चार-पांच द्यावे, ऋणकोकडून शेंकडा सहा घ्यावे, आणि मधल्या अंतरावर संस्था चालवावी. १९६५ सालीं महागाईची वाढ शेंकडा दोनहूनहि कमी होती. डॉलरचें मोल असें स्थिर होतें, तोंवर हा व्यवहार एखाद्या देवस्थानच्या कारभारासारखा शांतपणें चालला.

व्याजाच्या दरांत चलनाच्या मोलाविषयींची अपेक्षा कशी मिसळलेली असते, हें अर्व्हिंग फिशर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १८९६ सालींच दाखविलें होतें. नवल असें कीं, त्यासाठीं त्यानें घेतलेल्या पुराव्यांत हिंदुस्थान सरकारचे कर्जरोखेहि होते. या सरकारचे कांहीं रोखे सोन्याच्या चलनांतले, कांहीं चांदीच्या रुपयांतले, आणि दोन्हीं लंडनच्या बाजारांत विकले जात. चांदी उतरणीस लागली होती. म्हणून रुपयाच्या रोख्यावर लोक अधिक व्याज मागत. ऋणको एकच, पत एकच, पण परत मिळणाऱ्या नाण्याचा भरंवसा वेगळा! धनकोस नुसते पैसे परत नको असतात. त्या पैशांत पूर्वींइतके दाणे यावेत, अशी त्याची इच्छा असते.

व्हिएतनामच्या युद्धाच्या खर्चानें अमेरिकेंत हा भरंवसा ढासळूं लागला. ऑगस्ट १९७१ मध्यें निक्सन यांनीं डॉलरचा सोन्याशीं उरलेला संबंध तोडला, आणि १९७३ अखेर तेलाचे भाव भडकले. १९७४ सालीं महागाईची वाढ शेंकडा ११ वर गेली. मध्यंतरीं ती उतरली, पण १९७९ सालीं पुन्हां ११ च्या वर चढली. परंतु सारा दोष तेलास देणें रास्त होणार नाहीं. बेकारी वाढूं लागली कीं फेडरल रिझर्व्ह हात सैल सोडी, आणि महागाईस आळा घालण्याचें काम अर्धवट राही. या काळांत आठ वर्षें बँकेचे अध्यक्ष असलेले आर्थर बर्न्स यांनीं सप्टेंबर १९७९ मध्यें बेलग्रेड येथें व्याख्यान देऊन सांगितलें कीं, मध्यवर्ती बँकांच्या हातीं महागाई थांबविण्याचें सामर्थ्य होतें. परंतु राजकारणाच्या प्रवाहापुढें त्यांना तें वापरतां आलें नाहीं. अधिकारावर असतांना न केलेल्या गोष्टीचें निदान अधिकार सुटल्यावर इतकें स्पष्ट होतें!

इकडे जुन्या ऋणकोंची चंगळ होती. शेंकडा सहानें घेतलेलें कर्ज, आणि महागाई शेंकडा अकरानें वाढणारी. पगार वाढे, घराची किंमत वाढे, हप्ता तेवढा जागच्या जागीं. त्याचें कर्ज जणूं महागाईच फेडीत होती. हा लाभ आकाशांतून पडलेला नव्हता. तो ठेवीदाराच्या खिशांतून येत होता. ठेवींवर किती व्याज द्यावें यास कायद्यानें मर्यादा होती, आणि ती शेंकडा साडेपांचच्या आसपास होती. म्हणजे वृद्ध ठेवीदाराची पुंजी दरसाल शेंकडा पांच-सहांनीं झिजे. शेवटीं लोक शहाणे झाले. बाजारभावानें व्याज देणारे ‘मनी मार्केट’ निधि निघाले, आणि १९८२ अखेर त्यांत दोनशें अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम जमली. गहाणसंस्थांच्या तळघरास असें भोंक पडलें.

ऑगस्ट १९७९ मध्यें अध्यक्ष कार्टर यांनीं पॉल व्होल्कर यांची फेडरल रिझर्व्हच्या प्रमुखपदीं नेमणूक केली. ता. ६ ऑक्टोबर रोजीं, शनिवारीं, त्यांनीं सभा बोलावून बँकेचें धोरण पालटलें. आजवर बँक अल्प मुदतीच्या व्याजाचा दर धरून ठेवी व पैशाचा पुरवठा सैल सोडी. यापुढें पुरवठा आंवळावयाचा आणि व्याज जाईल तिकडे जाऊं द्यावयाचें, असें ठरलें. एप्रिल १९८० मध्यें गहाणाचा दर शेंकडा १६ च्या वर गेला. परंतु मंदीची चाहूल लागतांच बँकेनें दोरी ढिली केली, आणि जुलैंत तोच दर १२ च्या जवळ आला. ही माघार महाग पडली. बँकेचा निश्चय टिकाऊ नाहीं, अशी धनकोंची समजूत झाली. दुसऱ्या वेळीं अधिक कडक उपाय, तोहि अधिक काळ, योजावा लागला. १९८१ च्या मध्यास बँकाबँकांतील एका रात्रीच्या उसनवारीचा दर शेंकडा २० च्या घरांत होता.

या एका रात्रीच्या दरावर मध्यवर्ती बँकेची सत्ता चालते. तीस वर्षांच्या दरावर चालत नाहीं. तेथें भावी महागाईविषयींची लोकांची समजूत राज्य करते. म्हणून महागाई उतरूं लागल्यावरहि गहाणाचा दर चढतच राहिला आणि ऑक्टोबर १९८१ मध्यें शेंकडा १८.६३ या आंकड्यास भिडला. इतका उंच दर त्यापूर्वीं वा त्यानंतर तेथील नोंदींत नाहीं. हिशोब पाहावा. पन्नास हजार डॉलरांचें कर्ज १९७१ च्या वसंतांत शेंकडा ७.३३ नें घेतलें असतें, तर हप्ता सुमारें ३४४ डॉलर बसला असता. दहा वर्षांनीं तेवढ्याच कर्जास ७७९ डॉलर पडूं लागले. आणि पहिल्या महिन्याच्या त्या ७७९ डॉलरांतून मुद्दलांत वळते होत अवघे तीन!

असल्या दरानें घर कोण घेणार? १९७२ सालीं देशांत २३ लाखांवर नव्या घरांची बांधणी सुरू झाली होती. १९८२ सालीं ती साडेदहा लाखांवर आली. त्या वर्षाअखेर बेकारी शेंकडा १०.८ झाली. लाकडाचे तुकडे आले ते याच दिवसांत. शेतकऱ्यांनींहि ट्रॅक्टर आणून बँकेच्या इमारतीभोंवतीं फेरे घातले. जो जोडीदार दोन वर्षें आधीं लग्न करून घर घेऊन बसला तो तरला, आणि जो मागाहून आला तो भाड्याच्या खोलींत राहिला; यांत कोणाची हुशारी नव्हती, केवळ जन्मसालाचा फरक होता.

महागाई मात्र खरोखरच मोडली. १९८३ सालीं ती शेंकडा ३.२ वर आली. तरी त्या वर्षीं गहाणाचा दर १३ च्या आसपासच होता. एकदां पोळलेला धनको ताक फुंकून पीत होता. तो दर १० पर्यंत उतरण्यास १९८६ साल उजाडावें लागलें.

गहाणसंस्थांना हा विलंब सोसला नाहीं. त्यांच्या तिजोरींतील जुनीं गहाणें शेंकडा सहा-आठ आणीत होतीं आणि ठेवी टिकविण्यास त्याहून अधिक द्यावें लागे. चालू बाजारभावानें हिशोब केला असता बहुतेक संस्थांचें दिवाळें निघालेलें होतें. त्या वेळींच त्या बंद केल्या असत्या तर नुकसान आटोपशीर राहतें. परंतु सरकारनें हिशोबाचे नियम सैल केले आणि १९८२ च्या कायद्यानें त्यांना अधिक धाडसी व्यवहारांची मुभा दिली. बुडत्याच्या हातीं असा डाव दिला कीं तो मोठाच डाव खेळतो. १९८६ ते १९९५ या काळांत तीन हजारांहून कांहीं अधिक संस्थांपैकीं १,०४३ बंद पडल्या, आणि त्यापायीं करदात्यांस सुमारें १२४ अब्ज डॉलर भरावे लागले. जुन्या ऋणकोंनीं जो लाभ उपभोगला त्याचें देयक असें फिरत फिरत शेवटीं सर्वांच्या दारीं आलें.

तीस वर्षांचें गहाण यानंतरहि टिकलें. संस्था बहुतेक गहाणें आतां स्वतः न ठेवतां बाजारांत विकून टाकतात. त्यांतील एकतर्फी सोयहि तशीच आहे: दर उतरले तर ऋणको जुनें गहाण फेडून नवें करतो, चढले तर जुन्यास चिकटून बसतो. जानेवारी २०२१ मध्यें शेंकडा २.६५ इतका खालीं गेलेला दर, महागाई उसळल्यावर फेडरल रिझर्व्हनें आपला दर वाढवीत नेल्यामुळें, ऑक्टोबर २०२३ मध्यें ७.७९ झाला. तीन टक्क्यांचें गहाण हातीं असलेलीं कुटुंबें तें सोडून आठ टक्क्यांचें घेण्यास तयार होईनात. मुलें वाढलीं तरी घर बदलीनात, नोकरी दुसऱ्या गांवीं मिळाली तरी हलण्यास कांकूं करूं लागलीं. त्या वर्षीं अमेरिकेंत जुन्या घरांची जी विक्री झाली, ती १९९५ नंतरची सर्वांत कमी होती.