लाटांचा उतार आणि रडार
* येथे ‘उतार’ म्हणजे लाटेची उंची नव्हे, तर पाण्याचा पृष्ठभाग आडव्या पातळीपासून किती कलला आहे ते अभिप्रेत आहे. कॉक्स आणि मंक या संशोधकांनी १९५४ साली विमानातून टिपलेल्या सूर्यचकाकीच्या छायाचित्रांवरून हा उतार काढला. ते काम आजही पायाभूत मानावे लागते. पण त्याला ऊन लागते. रडारला रात्र आणि ढग अडवत नाहीत. जवळजवळ सरळ खाली सोडलेल्या लहरी परततात त्या मुख्यतः रडारकडे काटकोनात तोंड केलेल्या पाण्याच्या इवल्या पैलूंवरून. म्हणून वाऱ्याने समुद्र खडबडीत झाला की सरळ खालून येणारा प्रतिध्वनी क्षीण होतो. कोन तिरपा होताना तो किती वेगाने घटतो, यावरून उतारांचे मान कळते. २०१८ साली सोडलेल्या चिनी-फ्रेंच ‘सीएफओसॅट’ उपग्रहावरील ‘स्विम’ रडार ० ते १० अंशांच्या सहा झोतांनी असेच मोजमाप करते. — संपा.