लोह जिथे झिरपलं
पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतलेत. तुम्ही सुमारे २२ कोटी वर्षं मागे आला आहात, आज ॲरिझोना म्हणतात त्या भागात. वाळवंटाचा मागमूस नाही. विषुववृत्त जवळ, म्हणून दमट उकाडा. नदीला पूर आलाय आणि काठावरचे उंच सूचिपर्णी वृक्ष मुळासकट वाहत येतायत. जरा मागे सरा, फायटोसॉर नावाचे मगरीसारखे प्राणी याच पाण्यात शिकार करतात.

समोर एक ओंडका अडकला. वास घ्या: ओलं, कुजायला लागलेलं लाकूड. पण ते कुजून संपणार नाही. गाळ इतक्या झपाट्याने वर चढतोय की हवा आत पोचत नाही. त्यात ज्वालामुखींची राख आहे. तिच्यातली सिलिका पाण्यात विरघळते, लाकडात मुरते, आणि पुढे तिचंच क्वार्ट्झ होतं.

शुद्ध क्वार्ट्झला रंग नसतो. एवढ्यावर थांबलं असतं तर पांढरट, करडा दगड उरला असता. रंग आणला पाण्याबरोबर झिरपलेल्या लोहाने, आणि तेही चिमूटभर!

काळ पुढे ढकला, गाळाच्या थरांखाली उतरा आणि ओंडक्याच्या भेगेवर बोट ठेवा. इथे लोहाचं हेमॅटाइट झालं, म्हणून विटकरी लाल. बोटभर पलीकडे लोहाशी पाण्याचा अंश जोडला गेला, गोएथाइट झालं; तिथे पिवळा, मोहरी, तपकिरी. काळे पट्टे कुठे मँगनीजच्या ऑक्साइडचे, कुठे उरलेल्या कार्बनचे. हिरवा क्वचित, क्रोमियममुळे. पोकळीत जांभळे स्फटिक दिसतायत? ते ॲमेथिस्ट. त्याच्याही रंगामागे लोहच आहे, जोडीला खडकातला नैसर्गिक किरणोत्सर्ग. मला यातलं सर्वात विलक्षण वाटतं ते हे, की इतक्या रंगांत झाडाचा स्वतःचा रंग जवळजवळ कुठेच नाही. बऱ्याच ओंडक्यांत तर लाकडाची मूळ वीणही पुसली गेली आहे. लाल-पिवळ्याच्या सीमेवर वाचता येतं ते पाणी: कुठून शिरलं, काय घेऊन आलं.

आता वर या. पठार उचललं गेलं, वरचे थर झिजून गेले, ओंडके उघडे पडले. करवतीने कापल्यासारखे सरळ तुकडे कुणी पाडलेले नाहीत. क्वार्ट्झ ठिसूळ, जमिनीच्या हालचालीत ते असे तुटतात. १९०६पासून या जागेला सरकारी संरक्षण आहे. हातातली ढलपी जिथून उचललीत तिथेच ठेवा. तिथून हलली, की तिच्यात कुठलं पाणी झिरपलं होतं ते पुन्हा शोधता येत नाही.