स्मरणसंवाद, पालक व बालकांचा

घडून गेलेल्या प्रसंगांविषयी आईवडील लहान मुलांशी ज्या गप्पा मारतात, तो स्मरणसंवाद. मूल दोन-अडीच वर्षांचे झाले की या संवादाला रंग चढतो. पुढे मुलाला काय आठवेल आणि ते किती तपशिलाने सांगता येईल, हे बरेचसे या गप्पांवर ठरते.

एक उदाहरण घेऊ. नोएडाच्या सेक्टर ९३ए मधले जुळे मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी दुपारी अडीच वाजता पाडण्यात आले. सुमारे ३,७०० किलो स्फोटके वापरली होती आणि शंभरेक मीटर उंचीच्या त्या इमारती काही सेकंदांत खाली आल्या. शेजारच्या सोसायट्यांतल्या हजारो रहिवाशांनी सकाळीच घरे सोडली होती. समजा, त्यांत तीन वर्षांचा एक मुलगा होता. ‘काय पडलं होतं? सांग ना, काय पडलं?’ असे आई विचारत राहिली, तर तो एका शब्दात उत्तर देऊन खेळायला पळेल. तीच आई म्हणाली, ‘आपण सकाळीच आत्याकडे गेलो होतो. टीव्हीवर धूरच धूर दिसला आणि तू कान झाकून घेतलेस. का रे, भीती वाटली?’ तर त्या दिवसाला आगापीछा मिळतो, माणसे मिळतात आणि भीतीलाही नाव मिळते.

एलेन रीस, कॅथरीन हेडन आणि रॉबिन फिवश या संशोधकांनी १९९३ मध्ये हाच फरक मांडला. काही आया प्रसंग फुलवत नेतात, काही तोच प्रश्न पुन्हा विचारतात. फुलवणाऱ्या आयांची मुले पुढे स्वतःहून अधिक आठवणी सांगतात. टेसलर आणि नेल्सन यांच्या १९९४ च्या अभ्यासात तर संग्रहालय पाहून आलेल्या मुलांना ज्या वस्तूंबद्दल आई आणि मूल दोघेही बोलले होते, त्याच नंतर आठवल्या. नुसते दाखवणे पुरले नाही.

ही हातोटी शिकवता येते, ही यातली सर्वांत आशादायक बाब. न्यूझीलंडमध्ये रीस आणि न्यूकोम यांनी आयांना तसे प्रशिक्षण दिले. त्याचे चांगले परिणाम मुलांच्या किशोरवयातही दिसले.

मात्र, पाश्चात्त्य आईच्या मापाने इकडची आई मोजणे चुकीचे ठरेल. हायडी केलर यांच्या गटाने दिल्लीच्या नंदिता चौधरी यांच्यासह वेगवेगळ्या संस्कृतींतल्या आया आणि त्यांची तीन वर्षांची मुले यांचे संवाद तपासले. त्यांत दिल्लीची मध्यमवर्गीय कुटुंबेही होती. चौधरी यांनी ‘लिसनिंग टू कल्चर’ (२००४) या पुस्तकात भारतीय घरांतले रोजचे बोलणेच अभ्यासाचा विषय केले. आपल्याकडे आठवणीत एकटा ‘मी’ क्वचितच असतो. आजी, मामा, चुलत भावंडे तिथे आधीच येऊन बसलेली असतात. मुलाला ‘तुला काय वाटलं?’ इतकेच ‘आजी तेव्हा काय म्हणाली?’ हेही विचारण्याजोगे आहे.

नोएडातल्या मराठी घरांपुढे भाषेचाही प्रश्न असतो. घरात मराठी, लिफ्टमध्ये हिंदी, शाळेत इंग्रजी. मारियन आणि नायसर यांनी २००० मध्ये रशियन-इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांवर केलेल्या प्रयोगात, प्रसंग ज्या भाषेत घडला त्याच भाषेत विचारल्यावर तो अधिक सहज आठवला. त्यामुळे इंग्रजीतून घडलेल्या शाळेच्या सहलीची गोष्ट आईने मराठीत विचारली, तर मुलाला मधेच इंग्रजीत शिरू द्यावे, वाक्य सुधारायला थांबवू नये.