शेअरचे मूल्यमापन : बँक, वाहन आणि किरकोळ विक्री (बेळगाव–निपाणी सीमाभागाच्या संदर्भात)

एखाद्या कंपनीच्या शेअरला बाजारात मिळणारा भाव तिच्या कमाईला, मालमत्तेला आणि पुढच्या वाढीला धरून आहे का, हे पडताळण्याची रीत. सर्वाधिक वापरले जाणारे माप म्हणजे पीई गुणोत्तर : शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर वार्षिक नफा. हे एकच माप सगळ्या धंद्यांना सरसकट लावण्याची चूक फार होते. बँक, वाहन आणि किरकोळ विक्री या तीन क्षेत्रांत नफा वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि वेगवेगळ्या वाटांनी बुडतो. त्यामुळे वार्षिक अहवाल कोणत्या पानापासून वाचायला घ्यायचा, हेही तिन्हीकडे वेगळे ठरते.

बेळगावचा कॅम्प ही लष्करी छावणीची वस्ती. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर याच शहरात आहे आणि सेवानिवृत्तीची रक्कम एकदम हाती पडलेली माणसे या भागात बरीच. सीमाभागातल्या मराठी घरांत शेअर म्हटले की आधी आठवतो तो सहकारी बँकेचा किंवा पतसंस्थेचा. त्या शेअरला बाजारभाव नसतो. सभासदत्व सोडताना तो दर्शनी किमतीलाच परत जातो, लाभांशाला मर्यादा असते आणि शेअर कितीही असले तरी मत एकच. तिथे संस्था सुस्थितीत आहे की नाही एवढेच पाहायचे असते. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीचा शेअर घेताना मात्र कंपनी चांगली असणे पुरत नाही. कोणत्या भावाला घेतला, यावर सगळे अवलंबून राहते.

वाहन आणि किरकोळ विक्री हे दोन्ही धंदे बेळगावात एकाच दुकानात एकत्र आलेले दिसतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये भाऊ रामुअण्णांच्या साथीने येथे सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर बनवले, पण लोखंडाने जमीन नासेल या समजुतीपायी शेतकरी ते घेईनात आणि माल पडून राहिला. पुढे कारखान्याची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली. औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या जमिनीवर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी नोंदली गेली. त्या पडून राहिलेल्या नांगरांच्या काळात कोणी हिशेब तपासला असता, तर न विकलेला साठा पाहून धंदा मोडीत काढण्याचाच सल्ला दिला असता. साठा वाढला हे आकडा सांगतो. तो का वाढला, हे गिऱ्हाइकापर्यंत जाऊनच कळते.

बँका : बँकेचे सगळे मर्म उसन्या पैशात आहे. समजा बँकेची एकूण मालमत्ता १०० रुपये आणि त्यात भागधारकांचे स्वतःचे भांडवल ८ रुपये. दिलेल्या कर्जांपैकी केवळ ४ रुपये बुडाले तरी निम्मे भांडवल गेले. म्हणून बँकेत नफ्याच्या आधी थकीत कर्जे पाहावीत : ढोबळ एनपीए, तरतुदीनंतर उरलेला निव्वळ एनपीए, आणि दरवर्षी नव्याने थकणारी रक्कम. त्यानंतर भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीनुसार मोजलेल्या मालमत्तेच्या तुलनेत भांडवल किती. बासल नियमांचे आंतरराष्ट्रीय किमान प्रमाण ८ टक्के. रिझर्व्ह बँकेचे ९ टक्के, आणि संवर्धन राखीव धरून ११.५ टक्के. मग चालू व बचत ठेवींचा हिस्सा, व्याजातील निव्वळ फरक आणि मालमत्तेवरचा परतावा. मालमत्तेवर वर्षाला १ टक्का सुटला तर बँक चांगली चालली असे मानतात. बँकेचा भाव पीईपेक्षा पुस्तकी मूल्याशी (मालमत्ता वजा देणी) ताडून पाहणे योग्य. पुस्तकी मूल्याच्या निम्म्या भावात मिळणारी बँक स्वस्त वाटते, पण बहुतेक वेळा बाजाराने लपलेली थकबाकी आधीच हिशेबात धरलेली असते.

याचे धडे सीमाभागाला लांबून आणावे लागत नाहीत. १९३० मध्ये स्थापन झालेली बेळगाव बँक १९७५ मध्ये युनियन बँकेत विलीन झाली. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये व्यवहारबंदी आली आणि महिनाभरात ती आयडीबीआयकडे गेली. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले आणि विषय संपला. कुरुंदवाडची गणेश बँक त्याच वर्षी फेडरल बँकेत गेली. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडे शाखा असलेली सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, पण तिच्या भागधारकांना रोख रकमेऐवजी शेअर मिळाले : सांगली बँकेच्या ९२५ शेअरांमागे आयसीआयसीआयचे १००. पुढे २०१४ चे विभाजन आणि २०१७ चा बोनस धरला तर त्या १०० चे ५५० झाले. युनायटेड वेस्टर्न आणि सांगली या दोन्ही बँका शेजारच्या जिल्ह्यांतल्या आणि दोन्ही विलीनीकरणे वर्षभराच्या आतली. तरीही एका घरात व्यवहार रोख रकमेवर थांबला, दुसऱ्यात तो वाढत राहिला. विलीनीकरणाची बातमी आली की मोबदला रोख आहे की शेअर, हे आधी वाचावे ते यासाठी.

भागधारकाचा क्रमांक शेवटचा असतो. लक्ष्मी विलास बँक नोव्हेंबर २०२० मध्ये डीबीएसच्या भारतीय उपकंपनीत गेली तेव्हा तिच्या शेअरची किंमत शून्य करण्यात आली. ठेवीदार सुरक्षित राहिले. स्वित्झर्लंडची क्रेडिट सुईस १८५६ ची, म्हणजे कॅम्पातली सेंट पॉल्स शाळा निघाली त्याच वर्षीची. मार्च २०२३ मध्ये ती ३ अब्ज फ्रँकला, शेअरमागे जेमतेम ०.७६ फ्रँक मोलाचे स्वतःचे शेअर देऊन घेण्याचे यूबीएसने ठरवले. उलट उदाहरणही द्यायला हवे. बँक ऑफ महाराष्ट्रवर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. मार्च २०१८ मध्ये तिची ढोबळ थकीत कर्जे १९ टक्क्यांच्या वर होती. मार्च २०२४ मध्ये ती २ टक्क्यांच्या आत आली. सुधारणेची चिन्हे तिमाही निकालांत नफ्याच्या आधी थकबाकीच्या रकान्यात दिसत होती, आणि ते निकाल कोणालाही फुकट वाचता येत होते.

वाहन : हा धंदा भरती-ओहोटीचा. विक्री जोरात असताना नफा सर्वाधिक असतो, म्हणून पीई सर्वांत कमी दिसतो आणि शेअर स्वस्त भासतो. नेमकी तीच वेळ धोक्याची. निदान सात-आठ वर्षांच्या नफ्याची सरासरी काढून त्यावर भाव जोखावा. टाटा मोटर्सने जून २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतली आणि काही महिन्यांत जगभरची मागणी कोसळली; २००८–०९ चा एकत्रित तोटा अडीच हजार कोटी रुपयांच्या घरात गेला. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरी पत्करली. कंपनी नव्या रूपात उभी राहिली, पण जुन्या भागधारकांच्या हाती काही उरले नाही.

दर महिन्याच्या आरंभी कंपन्या जे विक्रीचे आकडे देतात ते बहुतांशी विक्रेत्यांकडे रवाना केलेल्या गाड्यांचे असतात. ग्राहकाने खरोखर घेतलेल्या गाड्या परिवहन खात्याच्या वाहन नोंदणीत दिसतात. या दोन्हींतली तफावत वाढत गेली की शोरूमच्या मागच्या आवारात गाड्या साचताहेत असे समजावे. ही गोष्ट बेळगावच्या रहिवाशाला स्वतः जाऊन पाहता येते आणि ती एखाद्या दलालाच्या अहवालाइतकीच मोलाची आहे. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांत वाहनांसाठीचे ओतकाम होते. तिथल्या पाळ्या कमी झाल्या की मंदीची चाहूल निकालांच्या आधी लागते. मात्र एका गावातल्या चाहुलीवरून देशभराचा निष्कर्ष काढू नये. आणखी एक सावधगिरी : टोयोटासारख्या कंपन्यांच्या ताळेबंदात त्यांच्या कर्जपुरवठा शाखेचे कर्जही मिसळलेले असते. ते वेगळे काढल्याशिवाय कंपनी कर्जबाजारी आहे असे म्हणणे चुकीचे ठरते.

किरकोळ विक्री : येथे नफ्याचे प्रमाण तुटपुंजे असते; कमाई माल किती वेळा फिरतो यावर होते. जुन्या दुकानांची विक्री नवी दुकाने वगळून किती वाढली, साठा किती दिवसांत खपतो, जागा स्वतःची की भाड्याची, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. डीमार्ट चालवणारी ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स शक्यतो स्वतःच्या जागेत दुकाने काढते आणि पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करते. २९९ रुपयांना विकलेला तिचा शेअर मार्च २०१७ मध्ये पहिल्याच दिवशी ६०० च्या वर उघडला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो ५,९०० च्या जवळ पोचला. नंतर २०२१–२२ ते २०२४–२५ या काळात कंपनीची वार्षिक विक्री सुमारे ३१ हजार कोटींवरून ५९ हजार कोटींवर गेली, तरी मार्च २०२५ पर्यंत शेअरने तो उच्चांक ओलांडला नव्हता. कंपनीत खोट नव्हती. भावातच पुढच्या कित्येक वर्षांची वाढ आधी मोजून घेतलेली होती. याच्या दुसऱ्या टोकाला फ्युचर रिटेल : कर्ज काढून पसरलेली, २०२२ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेलेली.

परदेशी शेअर : निवासी भारतीयाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. एप्रिल २०२५ पासून, गुंतवणुकीसाठी वर्षाला १० लाख रुपयांपुढे पाठवलेल्या रकमेवर २० टक्के कर आगाऊ कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. अमेरिकी कंपनीच्या लाभांशातून तिथेच २५ टक्के कापले जातात. परदेशी शेअर विवरणपत्राच्या एफए (परदेशी मालमत्ता) अनुसूचीत दाखवणे निवासी करदात्यावर बंधनकारक आहे, लाभांश मिळाला नसला तरी. भावाबरोबर डॉलर–रुपयाचा दरही परतावा ठरवतो.

सीमाभागातल्या अनेक घरांत आजोबांच्या नावाची कागदी प्रमाणपत्रे अजून असू शकतात. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरची खरेदी-विक्री होत नाही. ते आधी डिमॅट करून घ्यावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश न उचललेले शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात, पण वारसांना अर्ज करून ते परत मिळवता येतात. जुन्या बँकेचे नाव कागदावर असेल तर ती कशात विलीन झाली आणि मोबदला काय ठरला होता, हे पाहावे.

बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे, शेअरला नाही. निवृत्तीची रक्कम घेऊन बाजारात येणाऱ्याने ती एका शेअरमध्ये घालू नये. सल्ला देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो स्वतः तपासून घ्यावा.