व्यस्त : एक संज्ञा, दोन अर्थ

शालेय गणितात ‘व्यस्त’ ही संज्ञा दोन अर्थांनी येते. ५ ची गुणाकार व्यस्त संख्या १/५ होय. आणि एखाद्या क्रियेने केलेले उलगडणाऱ्या फलनासही व्यस्त फलन म्हणतात. चिन्हही दोहोंस एकच, शिरावरचा –१. म्हणून व्यस्त फलनाच्या जागी १ भागिले फलन असे लिहिले जाते. या प्रमादाचे मूळ चिन्हाच्या इतिहासात आहे.

हे चिन्ह जॉन हर्शेल यांनी इ. स. १८१३ मध्ये वापरले. शिरावरचा २ म्हणजे क्रिया दोनदा करणे, तर –१ म्हणजे ती एकदा मागे घेणे, अशी त्यांची संगती होती. परंतु त्रिकोणमितीत ज्येच्या शिरावरील २ हा वर्गच राहिला आणि –१ मात्र व्यस्त क्रियेचा झाला. ही विसंगती आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

क्रिया उलगडण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. आर्यभटाने तो इ. स. ४९९ मध्ये सूत्रबद्ध केला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) त्यास ‘व्यस्तविधि’ हे नाव आहे. तेथील एका उदाहरणात संख्येची तिप्पट करून तीत तिचाच पाऊण भाग मिळवावयाचा, ७ ने भागावयाचे, एकतृतीयांश वजा करावयाचा, वर्ग करून ५२ वजा करावयाचे, मूळ काढून ८ मिळवावयाचे व १० ने भागावयाचे, फल २. शेवटाकडून उलटे गेल्यास २०, १२, १४४, १९६, १४, २१, १४७, ८४ या क्रमाने २८ हाती येतात. येथे व्यस्तत्व क्रमात आहे, भागाकारात नव्हे.

तथापि –२८ घेतले तरी फल २ च येते. कारण १४ व –१४ यांचा वर्ग एकच. वारंगा फाटा येथे हिंगोलीकडील व यवतमाळकडील रस्ते एकत्र होऊन नांदेडकडे जातात; नांदेडास पोहोचलेला प्रवासी कोठून आला, हे केवळ त्याच्या पोहोचण्यावरून सांगता येत नाही. वर्गक्रियेचेही तसेच आहे. मूळ संख्या ऋण नाहीत, एवढे आधी सांगितले तरच तिचे व्यस्त फलन निश्चित होते.

लेखनातही हीच दक्षता हवी. य = ३क्ष + ६ असता पुढच्याच ओळीत क्ष = ३य + ६ लिहिल्यास ‘य’ या एका अक्षरास दोन अर्थ येतात. त्याऐवजी क्ष = (य – ६)/३ असे सोडवून हेच व्यस्त फलनाचे य पाशी मूल्य आहे, असे म्हणावे; अक्षर बदलावयाचे ते त्यानंतर. संज्ञेची द्व्यर्थता इतिहासाने दिली आहे. लेखनाने तीत भर घालू नये.